गोडे वरण, मऊ भात आणि तूप : एका साध्या डब्याचे परीक्षण

गेल्या उन्हाळ्यात आईच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर सहा आठवडे आमच्या घरी दोन्ही वेळचा डबा बाहेरून आला. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, मूळची रत्नागिरीकडची. तिने आयुष्यभर स्वतःच्या हातचे खाल्ले आणि इतरांना खाऊ घातले. डॉक्टरांनी वेगळे पथ्य सांगितले नव्हते. ताजे, पचेल असे आणि पुरेशी प्रथिने असलेले अन्न द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पण दवाखान्यातून घरी येईपर्यंत आईची अन्नावरची वासनाच उडाली होती. चार दिवस तिने काही मागितले नाही, आणि पाचव्या दिवशी जे मागितले ते होते मऊ भात, मेतकूट आणि वर तूप. मी नोकरीसाठी सकाळी साडेआठला घर सोडते. त्यामुळे हे साधे अन्न रोज, वेळेवर आणि तिला चालेल असे कुठे मिळेल, याचा शोध मला त्या आठवड्यात घ्यावा लागला.

पुण्यात पोळीभाजी केंद्रांना तोटा नाही. मटकीची उसळ, भरली वांगी, मसालेभात, अळूची भाजी या गोष्टी गल्लोगल्ली मिळतात आणि बऱ्याच ठिकाणी त्या उत्तम असतात. साधे वरण मात्र मिळत नाही, हे मला तोवर माहीत नव्हते. पहिल्या केंद्राकडून दोन दिवस डबा घेतला. त्यात वरण म्हणून जे आले त्यावर जिऱ्यालसणाची फोडणी होती आणि आत कांदा-टोमॅटो होता. तिखट अजिबात नव्हते आणि तेवढ्यावरून ते साधे ठरवले गेले होते. आईने दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला केले. तिचे चुकले असे मला वाटत नाही. बिनतिखट आणि साधे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गोड्या वरणात तुरीची डाळ, हळद, हिंग, मीठ आणि असला तर गुळाचा लहानसा खडा एवढेच असते. फोडणी पडली, चिंच-गूळ किंवा आमसूल पडले, गोडा मसाला पडला की तिची आमटी होते. आमटी वाईट नाही, पण ती वरणाच्या जागी येऊ शकत नाही. आजारी माणसाला तर वरणाची जागा नेमकी कोणती हे फार स्पष्ट कळते.

दुसरे केंद्र शेजारणीने सुचवले आणि तेच आम्ही अखेरपर्यंत ठेवले. हे परीक्षण त्याचेच आहे. कर्वेनगरच्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर दोन जावा मिळून ते चालवतात. दिवसाला चाळीस डब्यांवर एकही डबा घेत नाहीत. यापेक्षा जास्त केले तर भात एका कुकरात मावणार नाही आणि मग चव राखता येणार नाही, असे थोरल्या वहिनींनी मला पहिल्याच फोनवर सांगितले. नाव लिहू नये, अशी त्यांची विनंती आहे, कारण आलेल्या फोनना नाही म्हणण्यातच त्यांची दुपार जाते. म्हणून नाव न लिहिता त्यांच्या कामाचे वर्णन करते. कोणत्याही केंद्राकडून साधा डबा घेताना काय पाहावे, हे तरी त्यावरून वाचकांना कळेल.

भातापासून सुरुवात करते, कारण साध्या जेवणात सगळ्यात आधी बिघडतो तो भात. या डब्यातला मऊ भात इंद्रायणीचा असतो. मी पहिल्यांदा आंबेमोहोराचा आग्रह धरला होता. आंबेमोहोर म्हणजे आंब्याच्या मोहोरासारखा वास असलेला तांदूळ. मुळशीच्या आंबेमोहोराला भौगोलिक मानांकनही आहे. पण हे भाताचे रोप उंच वाढते, वाऱ्यापावसात लोळते आणि उतारा कमी देते, त्यामुळे खरा आंबेमोहोर थोडा पिकतो आणि महाग पडतो. त्या नावाखाली दुकानात दुसराच बारीक तांदूळ सर्रास विकला जातो. इंद्रायणी हे वाण आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झाले आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आले. त्याला आंबेमोहोराचा वास आला आणि आयआर ८ चा उतारा आला. खात्रीचा इंद्रायणी वापरायचा, संशयाचा आंबेमोहोर नाही, असे या दोघींचे धोरण आहे, आणि सहा आठवडे खाल्ल्यावर मला ते पटले आहे.

तांदूळ नवा की जुना, याकडेही त्यांचे लक्ष असते. आपल्याकडे जुन्या तांदळाचे कौतुक फार, आणि मोकळ्या भातासाठी ते योग्यच आहे. मऊ भाताला मात्र नवा तांदूळ हवा, कारण तो चिकट शिजतो आणि त्याचा वासही ताजा असतो. आंबेमोहोर असो की बासमती, त्यांचा सुगंध मुख्यतः २-अॅसिटिल-१-पायरोलिन या एकाच द्रव्याचा असतो आणि साठवणीत ते हळूहळू उडून जाते. धाकट्या वहिनींना हे द्रव्याचे नाव माहीत असण्याचे कारण नाही. पण मऊ भाताचा तांदूळ त्या वेगळ्या डब्यात ठेवतात आणि मसालेभाताचा वेगळ्या, हे मी स्वतः त्यांच्या स्वयंपाकघरात पाहिले.

तांदळाच्या पाचपट पाणी घालून, झाकण अर्धे ठेवून हा भात पातेल्यात शिजवला जातो. शिजताना तो ज्या आवाजाने रटरटतो त्यावरून आमच्याकडे त्याला गुरगुट्या भात म्हणतात. आईच्या माहेरी त्याला आटवल म्हणत. कोकणात आणि गोव्यात हाच धागा पुढे पेजेपर्यंत जातो. तिथे उकड्या तांदळाची पेज सकाळी अकराच्या सुमारास लोणच्याबरोबर घेतात आणि शेतात राबणारा माणूस तिच्यावर दुपारपर्यंत उभा राहतो. म्हणजे मऊ भात हे केवळ आजाऱ्याचे अन्न नव्हे. आजारपणात आठवते ते लहानपणी रोज खाल्लेले असते, एवढेच.

डब्यातून मऊ भात पाठवण्यात एक खरी अडचण आहे आणि बहुतेक केंद्रे तिथेच हरतात. शिजलेला भात निवू लागला की त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो, आणि साडेअकराला पळीने ओतता येणारा भात एक वाजता वडीसारखा कापता येतो. पहिल्या दिवशी आमच्याकडे नेमके हेच झाले. मी रात्री फोन करून सांगितले. दुसऱ्या दिवसापासून भात मुद्दाम पातळ येऊ लागला आणि त्याबरोबर एक चिठ्ठी आली : गरम करताना अर्धी वाटी कढत पाणी घालून डावाने हलक्या हाताने सारखा करावा, गार पाणी घालू नये. आईची काळजी घेणाऱ्या मावशी ती चिठ्ठी रोज पाळत, आणि भात ताटात पडला की हळूच पसरे. तक्रारीला इतके नेमके उत्तर मला फार कमी ठिकाणी मिळाले आहे.

वरणाबद्दल मात्र मला दोन्ही बाजूंनी लिहावे लागेल. चव पहिल्या दिवसापासून बरोबर होती. डाळ तासभर भिजवलेली, शिजवताना हळद, हिंग आणि चमचाभर तेल घातलेले, आणि शिजल्यावर रवीने घोटलेली. मिक्सरमधून काढलेले वरण आणि घोटलेले वरण यांत जिभेला फरक कळतो; पहिले पिठूळ लागते, दुसऱ्यात डाळीचा मऊ कण राहतो. मीठ घोटताना घालतात, गूळ नावापुरता. लिंबाची फोड वेगळी येते, वरणात पिळलेली नसते, हेही बरोबर.

तिसऱ्या आठवड्यात मात्र सलग तीन दिवस वरण कचकचीत आले. डाळ फुटली होती पण विरघळली नव्हती, आणि आईने ती वाटीच्या तळाशी ठेवून वरचे पाणी तेवढे भातावर घेतले. विचारल्यावर कारण कळले. त्यांच्या इमारतीला नळाचे पाणी कमी पडत होते आणि कूपनलिकेच्या पाण्याचा टँकर येत होता. अशा जड पाण्यात कॅल्शियम जास्त असते आणि त्यामुळे डाळीच्या पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन सुटत नाही. चिंच किंवा टोमॅटो आधी घातला तर डाळ शिजत नाही, हे प्रत्येक घरात माहीत असते. जड पाण्याचा परिणाम तसाच होतो. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून हा प्रश्न एका मिनिटात सुटला असता, आणि अनेक ठिकाणी तो तसाच सोडवतात. पण सोड्याने वरणाला साबणासारखा वास येतो आणि डाळीतले ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते. या दोघींनी सोडा घातला नाही. चौथ्या दिवसापासून डाळ भिजवायला आणि शिजवायला पिण्याचे पाणी विकत आणले आणि डबा त्याच किमतीत दिला.

माझी खरी तक्रार वरणाच्या दाटपणाबद्दल आहे. पहिले दोन आठवडे वरण पातळ होते. चवीला ते छान लागते, भातात सहज मुरते, आणि निरोगी माणसाला त्याने काही बिघडत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या वृद्ध माणसाचा हिशेब मात्र वेगळा असतो. कच्च्या तुरीच्या डाळीत शंभर ग्रॅमला साधारण २२ ग्रॅम प्रथिने असतात; वाटीभर वरणात पंचवीस ग्रॅम डाळ असेल तर पाच ग्रॅमच्या आसपास प्रथिने पोटात जातात, आणि डाळ त्याच्या निम्मी असेल तर जेमतेम अडीच-तीन. मी हे बोलून दाखवल्यावर आईच्या डब्यातले वरण दाट येऊ लागले. पण आजारी माणसांसाठी म्हणून डबा विकणाऱ्यांनी हे मुळातच धरून चालायला हवे. ग्राहकाने हिशेब करून सांगेपर्यंत थांबू नये. डाळ आणि भात एकत्र खाल्ल्याने प्रथिनांचा घटक असलेले आणि तांदळात कमी असलेले लायसिन डाळीतून मिळते आणि तसाच डाळीत कमी असलेला दुसरा घटक, मिथिओनिन, भातातून, ही वरण-भाताची मोठी जमेची बाजू आहे. मात्र त्यासाठी वाटीत डाळ पुरेशी असावी लागते.

आता मेतकूट. त्यासाठीच तर हे केंद्र आमच्याकडे टिकले. दुकानातले बहुतेक मेतकूट मला दोन कारणांनी आवडत नाही : एक तर त्यात डाळ्यांचे पीठ भर म्हणून घातलेले असते आणि ते घशात चिकटते, आणि दुसरे म्हणजे हिंग-मेथीचा वास महिन्याभरात उडून नुसते पिवळे पीठ उरते. इथले मेतकूट दर पंधरा दिवसांनी होते. हरभऱ्याची डाळ सर्वांत जास्त, तिच्या निम्मे तांदूळ, तेवढीच उडदाची डाळ, मूठभर गहू. मग धने, जिरे, मोहरी, मेथ्या, सुंठ, हळद, हिंग, दोन-तीन सुक्या मिरच्या आणि किसभर जायफळ. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजतात. एकत्र भाजले तर डाळ लाल होईपर्यंत मेथ्या काळ्या पडतात आणि सगळे मेतकूट कडू होते. डाळीला जपून मेथ्या आधी काढायच्या म्हटले तर त्या शोधत बसावे लागते. हिंग खडा असतो आणि तो तुपात फुलवून कुटलेला असतो, हे वासावरूनच कळले.

पहिल्या दिवशी मऊ भातावर ते मेतकूट घालून, वर कढवलेले तूप सोडून ताट आईपुढे ठेवले. तिने आधी वास घेतला. मग म्हणाली, "मेथ्या नीट भाजल्यात गं." त्या आठवड्यातले तिचे पहिले पूर्ण वाक्य ते होते, आणि वाटी रिकामी झाली. जेवताना तिने सांगितले की त्यांच्याकडे सकाळच्या न्याहारीला हाच भात असे, सोबत पोह्याचे मिरगुंड किंवा ताकातली मिरची आणि उपासाच्या लिंबाचे गोड लोणचे. शाळेत जाताना तिची आई भाताच्या मध्ये खळगा करून त्यात तूप ओतायची, कारण कडेने ओतले तर ते ताटाला लागून वाया जाई. दुसऱ्या दिवशी मावशींना तिने तसा खळगा करायला लावला.

तुपाबद्दल थोडक्यात. डब्याबरोबर लहान डबीत एक मोठा चमचा तूप येते. ते घरच्या लोण्याचे, रवाळ, आणि कढवताना विड्याचे पान टाकलेले असते. थंड असतानाही त्याचा वास जाणवतो. पाचव्या आठवड्यात तीन-चार दिवस बाजारचे तूप आले. आम्हाला ते लगेच कळले, पण वहिनींनी फोन करून आधी सांगितले असते तर बरे झाले असते. लोणी कमी पडल्याचे नंतर त्यांनी मान्य केले.

बाकी पदार्थांपैकी मुगाच्या डाळीची खिचडी उत्तम होती, मिरे आणि जिऱ्याच्या फोडणीची, आणि तिच्यासोबत आलेली कढी फाटलेली कधीच नव्हती. ताकातली तांदळाची उकड आठवड्यातून एकदा सकाळी येई. हिरवी मिरची आणि लसूण बेताचे, गुठळी नाही. पिठले मात्र डब्याला मानवत नाही. ते तव्यावरून थेट भाकरीवर पडायला हवे. अर्ध्या तासाने त्यावर साय धरते आणि ज्वारीची भाकरीही वातड होते. यात केंद्राचा दोष नाही. हा पदार्थ त्यांनी यादीतून काढावा, असे मात्र मी सुचवले आहे.

फोडणीच्या पोळीचे काय झाले तेही सांगायला हवे. आईने एका संध्याकाळी ती मागितली आणि डब्यात आलेला कुस्करा ओला, गोळा झालेला होता. कारण उघड होते : तो त्याच दिवशीच्या ताज्या पोळ्यांचा होता. फोडणीची पोळी हा शिळ्या पोळीचाच पदार्थ आहे. रात्रभरात पोळीतला ओलावा कमी होतो, ती कडक होते, मग कुस्करल्यावर तिचा रवा पडतो आणि कांदा-मिरचीच्या फोडणीत पाण्याचा हबका मारला की ती मऊ होते पण चिकटत नाही. विकत घेणाऱ्याला शिळे द्यायचे नाही, हा त्या दोघींचा नियम आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. तरीही हा पदार्थ त्या नियमात बसत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितले. पुढच्या वेळी त्यांनी आमच्यासाठी सहा पोळ्या आदल्या रात्री कापडात गुंडाळून ठेवल्या, आणि तो कुस्करा आमच्या घरच्यासारखा झाला. सोबत दही आणि शेंगदाण्याची चटणी होती.

व्यवहाराच्या बाजू. दुपारचा डबा ११० रुपये, रात्रीचा ८० रुपये. तूप, लिंबू आणि मेतकूट त्यातच. दुपारच्या डब्यात वरण किंवा खिचडी, भात, दोन पोळ्या, एक साधी भाजी आणि ताक. रात्री मऊ भात, वरण आणि उकडलेली किंवा परतलेली एक भाजी. महाराष्ट्र शासनाच्या शिवभोजन थाळीत, जी २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांत सुरू झाली, तिच्यातही दोन पोळ्या, भाजी, भात आणि वरण इतकेच असते. तिथला फरक सरकारी अनुदान भरून काढते, त्यामुळे किमतीची तुलना करण्यात अर्थ नाही. मी घरी हाच डबा केला असता तर साहित्याला साठ-सत्तर रुपये लागले असते. वरचे पैसे दोन बायकांच्या सकाळच्या पाच तासांचे आहेत आणि ते मला कमीच वाटतात.

डबे स्टीलचे असतात. प्लास्टिकच्या पिशवीत कढत वरण बांधून देणे त्यांनी कधीच सुरू केले नाही, याचे मला विशेष कौतुक आहे. अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक दारातच लावलेला आहे. स्वयंपाकघर मी दोनदा न कळवता पाहिले. ओटा कोरडा होता आणि पिण्याच्या पाण्याची भांडी झाकलेली होती. वेळेबाबत मात्र सुधारणा हवी. दुपारचा डबा सव्वाबाराला यायचा ठरला होता; सहा आठवड्यांत तो नऊ वेळा एक वाजल्यानंतर आला. जेवणानंतरच्या गोळ्या ठराविक वेळी द्यायच्या असतील तर पाऊण तासाचा उशीर लहान नसतो. डबा पोचवणारा मुलगा एकटाच आहे आणि चाळीस घरे करतो. दुसरा मुलगा ठेवावा आणि त्यासाठी डब्यामागे पाच रुपये वाढवावेत, असे मी त्यांना सांगितले. आम्ही ते आनंदाने देऊ. रविवारी केंद्र बंद असते आणि तशी कल्पना आधीच देतात.

घरी आजारी किंवा वृद्ध माणूस असेल आणि बाहेरून साधा डबा लावायचा असेल, तर आधी एकाच दिवसाचा डबा मागवावा आणि त्यात फक्त वरण-भात मागावा. भाजी-उसळ पाहून निर्णय घेऊ नये. मसाल्याखाली बरेच काही झाकले जाते, गोड्या वरणाखाली काहीच झाकले जात नाही. तांदूळ कोणता, डाळ भिजवतात का, सोडा घालतात का आणि तूप कुठले, हे चार प्रश्न विचारावेत. उत्तर देताना समोरची व्यक्ती कंटाळली तर दुसरीकडे जावे. आमच्या वहिनी या प्रश्नांवर अर्धा तास बोलल्या होत्या.

आई आता वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाते आणि रात्रीचा मऊ भात स्टुलावर बसून स्वतः करते. त्यामुळे रात्रीचा डबा आम्ही बंद केला आहे. दुपारचा चालू आहे, आणि मेतकुटाची पाव किलोची पुडी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्याच डब्याबरोबर येते.